रत्नागिरीजवळ शांत बंगला निवडताना: शेजार, रस्ता, यंत्रं आणि पंचांग

प्रश्न असा आहे. पुण्याहून पाच जण येणार, त्यांत गुडघ्यांचा त्रास असलेले ७४ वर्षांचे वडील, आई आणि आठ वर्षांची मुलगी. रत्नागिरीजवळ चार रात्रींसाठी अख्खा बंगला घ्यायचा आहे. समुद्र हवा, मुलीला रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा दाखवायचा आहे, पण सगळ्यांत आधी शांतता हवी. गेल्या वर्षी समुद्रकाठच्या एका बंगल्यात शेजारच्या स्पीकरने रात्री एकपर्यंत झोपू दिलं नाही. तारखा २४ ते २८ डिसेंबर किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा. आणि शेवटी विचारलं आहे, शहरापासून जितकं लांब जावं तितकं शांत मिळतं, हे खरं का?

खरं नाही. रत्नागिरी शहर रात्री साडेनऊनंतर स्वतःच निजतं, त्यामुळे शहरापासूनचं अंतर वाढवून आवाज फारसा कमी होत नाही. कोकणातल्या बंगल्याची शांतता मोडतात त्या चार गोष्टी: शेजारचा बंगला, रस्ता, आवारातली यंत्रं आणि पंचांग. चौघींपैकी एकही जाहिरातीतल्या फोटोंत दिसत नाही, पण चारही घरबसल्या तपासता येतात. अंतर वाढवल्याने मात्र दवाखाना लांब जातो आणि वडिलांचा गाडीतला वेळ वाढतो. म्हणून तुमच्यासाठी शहरापासून १० ते २० किलोमीटरचा पट्टा मी योग्य धरेन.

आधी शेजार, कारण तुमचा गेल्या वर्षीचा त्रास तोच होता. उघड्यावरचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. पार्टीचा स्पीकर एका मीटरवर ९५ डेसिबल धरला, तर १०० मीटरवर तो ५५ राहतो आणि ४५ वर यायला ३०० मीटर लागतात. हा ४५ चा आकडा महत्त्वाचा आहे, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा तीच आहे. याचा अर्थ तुमच्या बंगल्याभोवती ३०० मीटरच्या आत पार्टी होऊ शकेल अशी दुसरी जागा नको. मध्ये दाट झाडी असली तरी तिच्यावर विसंबू नका. नारळ-पोफळीची बाग डोळ्यांना आडोसा देते, ढोलकीच्या आणि बेसच्या आवाजाला देत नाही. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत बोलणं अडवते, पण कौलारू छपराच्या फटींतून आणि खिडकीतून बेस आत येतोच.

तपासायचं कसं? मालकाकडून नकाशावरचं अचूक ठिकाण मागा. गावाचं नाव पुरेसं नाही. मग उपग्रहाचं चित्र उघडून त्या ठिकाणाभोवती ३०० मीटरची मोजपट्टी फिरवा. पहिल्यांदा निळे चौकोन मोजा. प्रत्येक निळा चौकोन म्हणजे पोहण्याचा तलाव, आणि तलाव असलेला बंगला बहुतेक वेळा मोठ्या गटांना दिला जातो. एकाच आवारात सारख्या छपरांची चार घरं दिसली, तर तो ‘स्वतंत्र बंगला’ म्हणून विकला जाणारा वसाहतीतला एक गाळा आहे. नंतर तांबूस, पायऱ्या-पायऱ्यांनी खोदलेले आयत शोधा. त्या चिरेखाणी, म्हणजे जांभा दगड कापून काढायच्या खाणी. चालू खाणीत चिरे कापायचं यंत्र सकाळपासून सुरू होतं आणि त्याचा कर्कश आवाज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, अर्धा-एक किलोमीटर सहज जातो. उपग्रहाचं चित्र कधी कधी वर्ष-दोन वर्षं जुनं असतं, त्यामुळे ‘जवळपास बांधकाम किंवा खाण चालू आहे का’ हे वेगळं विचारावंच लागतं.

शेजार कुठल्या दिशेला आहे, हेही बघा. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई सुटते, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहते. आवाज वाऱ्याच्या दिशेने लांब जातो. रात्री जमिनीलगतची हवा थंड झाली की वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो, म्हणून दुपारी ऐकू न येणारी वाडी रात्री अंगणात आल्यासारखी वाटते. त्यामुळे तुमच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेला पार्टीचा बंगला पश्चिमेच्या, समुद्राच्या अंगाच्या बंगल्यापेक्षा जास्त त्रास देतो. दोन जागा बाकी सारख्याच असतील, तर ज्या घराच्या पूर्वेला बाग किंवा रान आहे ते घ्या.

रस्त्याचं गणित सोपं आहे. नुसता रस्ता असणं वाईट नाही, चढ आणि वळण वाईट. सरळ रस्त्यावरची गाडी निघून जाते. चढाच्या वळणावर हॉर्न वाजतो, गिअर बदलतो, ट्रक असेल तर ब्रेकही ओरडतो. जयगडच्या बंदराकडे मालाचे ट्रक निवळीवरून जातात, म्हणून त्या रस्त्यालगतची जागा समुद्र कितीही जवळ असला तरी टाळा. घर डांबरी रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटर आत असावं. मात्र तो आतला तुकडा कसा आहे तेही विचारा, कारण खडीच्या तीव्र उतारावर कमी उंचीची गाडी खालून घासते.

आता जमीन. हा भाग नीट समजला तर निम्मी निवड होऊन जाते, कारण कोकणात घर सड्यावर आहे, उतारावर आहे की आगरात, यावर तिथलं सगळं राहणं ठरतं. सडा म्हणजे वरचं कातळाचं सपाट पठार. तिथे वारा भरपूर, डास कमी, समुद्र लांबवर दिसतो. पण सावली नाही, कातळ दिवसभर तापतो, आणि मध्ये काही आड नसल्याने दूरचा आवाज थेट येतो. उतारावरच्या बंगल्यांतून समुद्राचा देखावा सगळ्यांत सुंदर असतो, म्हणून फोटोंत तेच जास्त दिसतात. त्यांची अडचण पायऱ्या. गाडी वर थांबते आणि घर ३०-४० पायऱ्या खाली असतं. तुमच्या वडिलांचे गुडघे बघता हे प्रकरण तिथेच संपलं. आगर म्हणजे किनाऱ्यालगतची नारळ-पोफळीची सपाट, ओलसर जमीन. तिथे गारवा असतो, सावली असते, किनारा चालत पाच मिनिटांवर असतो. डासही असतात, आणि वाडीतली घरं व देऊळ जवळ असतात. तरीही तुमच्यासाठी मी आगरातलंच घर निवडेन. वडील स्वतःच्या पायांनी समुद्रापर्यंत जाऊ शकतील अशी जागा तिथेच मिळते, आणि डासांचा बंदोबस्त जाळ्या आणि मच्छरदाणीने होतो. वाडीतला शेजार दहाच्या आत दिवे मालवतो. पहाटे कोंबडा आरवेल, विहिरीवर कुणी बोलेल, देवळात घंटा वाजेल. हे आवाज तुम्हाला चालणार आहेत की तेही नकोत, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. तेही नको असतील तर सड्यावर, वस्तीपासून लांब जावं लागेल आणि दवाखान्याचं अंतर मनाशी धरावं लागेल.

यंत्रांकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, म्हणून जरा खोलात सांगतो. पहिलं यंत्र पाण्याची मोटर. घरगुती वापराला माणशी दिवसाला १३५ लिटर हा धरायचा आकडा, म्हणजे पाच जणांना सुमारे ७०० लिटर. छपरावर ५०० लिटरची टाकी असेल तर मोटर दिवसातून दोनदा चालणार, आणि त्यातली एक वेळ पहाटे साडेपाच-सहाची, कारण राखणदार कामाची सुरुवात तिथून करतो. १००० लिटरची टाकी असेल तर संध्याकाळी पाचला एकदा भरली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरते. तेवढं आधी सांगून ठेवलं तर पहाटेचा खडखडाट होतच नाही. मोटरची खोली झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे का, हेही विचारा. आवाज कमी असला तरी भिंतीतून येणारी थरथर उशीपर्यंत पोचते.

दुसरं यंत्र जनरेटर. किनारपट्टीवर वीज जाते. पावसाळ्यात जास्त, इतर वेळी कमी. आवाजरोधक पेटीतल्या डिझेल जनरेटरला एका मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. वरचाच हिशेब लावला तर १० मीटरवर ५५ आणि तीसेक मीटरवर ४५. म्हणजे जनरेटर खिडकीपासून ३० मीटर लांब, घराच्या मागच्या अंगाला हवा. पेटी नसलेला छोटा पेट्रोल जनरेटर याहून खूप जास्त ओरडतो. जानेवारीत मात्र तुम्हाला जनरेटरची गरजच नाही, कारण रात्री एसी लागत नाही, उलट पहाटे पांघरूण ओढावं लागतं. इन्व्हर्टर पुरतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात १२०० धरा. ७५ वॅटचे चार पंखे आणि ६० वॅटचे दिवे असा ३६० वॅटचा भार तीन-सव्वातीन तास चालतो. पंखे नव्या, कमी विजेच्या प्रकारचे, तीसेक वॅटचे असतील तर तोच इन्व्हर्टर साडेसहा तास जातो, म्हणजे जवळजवळ रात्र निघते. बॅटरी किती जुनी आहे हा प्रश्न बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा महत्त्वाचा. चार-पाच वर्षांची बॅटरी तासाभरात मान टाकते.

आंब्याची बाग बंगल्याभोवती असेल तर तिचीही वेळापत्रकं आहेत. डिसेंबर-जानेवारी हे मोहोराचे आणि फवारणीचे दिवस. फवारणीचा पंप इंजिनावर चालतो आणि वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे सकाळीच लावतात. आवाजापेक्षा वास आणि औषध ही मोठी अडचण. त्या दिवशी मुलीला कलमांखाली खेळू देऊ नका, वाळत घातलेले कपडे आत घ्या आणि दुपारपर्यंत त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. तुमच्या चार दिवसांत फवारणी आहे का, हे बागवाल्याला आठवडाभर आधी साधारण माहीत असतं. मार्चपासून माकडं हाकलायला फटाके आणि डबे वाजू लागतात, एप्रिल-मेमध्ये पहाटेपासून घळ, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, घेऊन आंबा उतरवणं चालतं आणि संध्याकाळी पेट्यांचे टेम्पो भरतात. मे महिना आंबा खायला उत्तम आहे, निवांतपणाला नाही.

यावरून पंचांगाकडे येतो. २४ ते २८ डिसेंबर नको. नाताळपासून एक जानेवारीपर्यंत या किनाऱ्यावर कुठलीही जागा शांत राहील याची हमी प्रामाणिक मालक देऊ शकत नाही, कारण शेजारी कोण उतरेल हे त्याच्या हातात नसतं. जानेवारीचा दुसरा आठवडा घ्या आणि रविवारी दुपारी येऊन गुरुवारी सकाळी निघा. मुलीची चार दिवसांची शाळा बुडेल, पण रविवारी संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत किनारा तुमचाच असेल. तारीख पक्की करण्यापूर्वी कॅलेंडरात संकष्टी बघा, आणि ती मंगळवारी येऊन अंगारकी होत नाही ना तेही. त्या दिवशी गणपतीपुळ्याच्या रस्त्यांना जत्रेचं रूप येतं आणि आरे-वाऱ्याच्या अरुंद किनारी रस्त्यावर गाड्या अडकतात. गावदेवीचा किंवा ग्रामदैवताचा उत्सव त्या दिवसांत आहे का, हे मालकाला विचारा. असला तर आवाज होणार, तो गावाचा हक्क आहे आणि त्याची तक्रार करायची नसते. शिमग्याला तर पालखी घरोघर येते, ढोल रात्रभर चालतात. ते बघायला मुद्दाम यावं, पण शांततेसाठी येऊ नये. पावसाची गोष्ट वेगळी. जुलैत पर्यटक नसतात, पण पत्र्यावरचा पाऊस आणि खवळलेला समुद्र मिळून रात्रभर मोठा आवाज असतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताजे समुद्री मासे कमी मिळतात, आणि पाण्यात पाय घालायचीही सोय नसते. ज्यांना पाऊसच ऐकायचा आहे त्यांनी तेव्हा कौलारू घर बघावं. कौलांवर पाऊस बराच मऊ पडतो.

आता कुठल्या अंगाला? शहराच्या उत्तरेला शिरगाव, काळबादेवी, बसणी, आरे, वारे, नेवरे आणि पुढे भंडारपुळे-गणपतीपुळे असा पट्टा आहे, किनारी रस्त्याने गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर. किनारे देखणे आहेत, पण गणपतीपुळ्याचा सगळा ओघ याच वाटेने जातो. दक्षिणेला काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की भाट्ये, मग फणसोप, कसोप, गोळप, पावस आणि त्याला लागून गणेशगुळे. पावस वीस किलोमीटरच्या आत आहे. तिथे स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर असल्याने येणारा माणूस दर्शनाला येतो आणि त्याच्या चालीने गावही सावकाश चालतं. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ अशी म्हण इकडे आहे, आणि गर्दीही त्याच्यामागे पुळ्यालाच गेली. तुमच्यासाठी मी दक्षिणेचा पट्टा, त्यातही पावस-गणेशगुळ्याच्या बाजूचं आगरातलं घर सांगेन. भाट्याचा लांबलचक किनारा आणि त्याच्या टोकाचा झरीविनायक वाटेवरच आहे, आणि मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड पावसहून जवळ. मांडवी-मिरकरवाड्याच्या अगदी लगत राहू नका. मिरकरवाडा मोठं मासेमारी बंदर आहे. नौका रात्री-पहाटे निघतात-येतात, त्यांच्या इंजिनांचा आवाज पाण्यावरून सरळ येतो. बंदराचं ते कामच आहे.

वडिलांसाठी मालकाला विचारायच्या गोष्टी मोजक्या पण नेमक्या. गाडी थांबते तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती? उत्तर आकड्यात घ्या, ‘थोड्याच आहेत’ हे उत्तर नव्हे. तळमजल्यावर झोपायची खोली आणि त्याच खोलीला लागून कमोड आहे का? न्हाणीची फरशी गुळगुळीत की खडबडीत? जुन्या कोकणी घरांना उंच उंबरे असतात आणि पडवीतून माजघरात जाताना एक पायरी चढावी लागते. रात्री अंधारात नेमकी तिथेच ठेच लागते, म्हणून उंबऱ्याजवळ रात्रभर जळणारा छोटा दिवा हवा. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय शहरात आहे, पावसच्या बाजूने तिथे गाडीने तीस-चाळीस मिनिटांत पोचता येतं. हेच अंतर शहराजवळ राहण्याचं खरं कारण आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

एक गोष्ट घाबरवण्यासाठी नाही, पण प्रत्येक पाहुण्याला सांगायलाच हवी. हा फुरशांचा, म्हणजे एका विषारी सापाचा, प्रदेश आहे. फुरसं लहान असतं, हातभरही नाही, रंग मातीचा-दगडाचा, आणि ते दगडाच्या आडोशाला, चिऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या फटीत बसतं. संध्याकाळनंतर अंगणात चप्पल आणि बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, गडग्यावर बसू नये, बाहेर काढलेले बूट झटकून घालावेत. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवू द्यायचा नाही, थेट जिल्हा रुग्णालय. भारतात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

शहर बघायचं ते सकाळी, दोन सकाळींत वाटून. एका सकाळी रत्नदुर्ग आणि टिळकांचं घर, दुसऱ्या सकाळी थिबा राजवाडा आणि पतितपावन मंदिर. रत्नदुर्गाला आठच्या आत पोचा. तीन बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ, खाली मिरकरवाड्याच्या रांगेने लागलेल्या नौका. गाडी बरीच वरपर्यंत जाते, वडिलांना देवळापाशी बसता येईल आणि मुलीला घेऊन तुम्ही तटावरून फिरू शकाल. टिळक आळीत गाडी घालू नका, आळी अरुंद आहे. गाडी बाहेर लावून वडिलांना रिक्षाने न्या. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. कौलारू घराची पडवी, ओटी, माजघर मुलीला दाखवा, म्हणजे बंगल्याच्या जाहिरातीत ‘पारंपरिक कोकणी’ म्हणतात ते मुळात काय असतं ते तिला कळेल.

थिबा राजवाडा सोमवारी ठेवू नका, सरकारी वस्तुसंग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. मुलीला आधी हिशेब घालून द्या: ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात हरला, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि हा राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो इथे दुसऱ्या बंगल्यांत राहिला. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं गेली, डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. मग जवळच्या थिबा पॉइंटवर जा. तिथून काजळी नदीचं मुख, भाट्याचा पूल आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत येतो. पतितपावन मंदिर १९३१ चं, सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळातलं. दोन्ही दिवशी साडेबाराला बंगल्यावर परत या. दुपारी शहरात फिरण्यात वडिलांची ताकद जाते आणि संध्याकाळ वाया जाते.

तिसरी सकाळ मोकळी असेल आणि मुलीला गोडी असेल तर उक्षीच्या सड्यावरचं कातळशिल्प बघा. हत्तीची मोठी आकृती कातळात कोरलेली आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली. भर दुपारी तिथे काहीच दिसत नाही, कारण ऊन सरळ खोबणीत पडतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरप्या उजेडात खोबणीत सावली साठते आणि सोंड, पाय, पाठीची रेघ एकदम उठून दिसते. आकृतीवर पाय देऊ नका, पाणी ओतून ती उठवायचा प्रयत्नही नको.

संध्याकाळी किनारा किती रुंद मिळेल हे आधी काढता येतं. मच्छीमारांचा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाच-साडेपाचला समुद्र पार आत गेलेला, वाळू घट्ट आणि चालायला सपाट. वडिलांना तेव्हाच न्या. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, पाणी सुरूच्या बनाकडे चढलेलं असतं आणि उरलेली वाळू मऊ व तिरकी, गुडघ्यांना सर्वांत वाईट. तेव्हा किनाऱ्यावर दुपारी बाराच्या ओहोटीला न जाता सकाळी नऊच्या सुमाराला जा, ऊनही सोसवतं आणि वाळूही बऱ्यापैकी उघडलेली असते. पोहण्यासाठी मात्र कुठलीच वेळ मी सांगणार नाही. आरे-वारे, गणपतीपुळे इथे पाण्याची ओढ जबर आहे, आणि पाणी उतरत असताना तर ती आत खेचते. मुलीने घोट्यापर्यंत, हात धरून, एवढंच.

आता मालकाशी बोलणं. फोनवर ‘शांत आहे ना’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी शनिवारी रात्री दहाला पडवीत उभं राहून, न बोलता, एक मिनिटाचं चलचित्र पाठवायला सांगा. आवाजाची पातळी त्यावरून ठरवू नका, कारण फोन शांततेत बारीक आवाज आपोआप मोठे करतो. कुठले आवाज आहेत तेवढं ऐका: रातकिडे आणि लाट, की मोटर, कुत्री, गाणी. पाठवायला टाळाटाळ झाली तर जागा सोडा. आवारात रात्री कोण राहतं हेही विचारा. राखणदार कुटुंबासह राहत असेल तर उत्तम, कारण शेजारी आवाज झाला तर जाऊन सांगणारा ओळखीचा माणूस तोच, आणि त्याचं ऐकतात. तेवढ्याने भागलं नाही आणि दहा वाजून गेले असतील तर ११२. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर चालत नाही, हे सांगायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.

पैसे पाठवण्यापूर्वी मालकाला पुढचा मजकूर जसाच्या तसा पाठवा आणि प्रत्येक ओळीला लेखी उत्तर घ्या:

‘नमस्कार. आम्ही पाच जण, रविवार दुपार ते गुरुवार सकाळ. आवारात आमच्याशिवाय दुसरे पाहुणे असतील का? ३०० मीटरच्या आत भाड्याने दिले जाणारे बंगले किती? जवळ बांधकाम किंवा चिरेखाण चालू आहे का? त्या दिवसांत गावात उत्सव किंवा बागेत फवारणी आहे का? गाडीपासून तळमजल्याच्या खोलीपर्यंत पायऱ्या किती? टाकी किती लिटरची, आणि मोटर संध्याकाळी पाचला लावता येईल का? इन्व्हर्टरची बॅटरी कोणत्या वर्षीची? रात्री आवारात कोण असतं? शेजारच्या आवाजाने पहिल्या रात्री झोप झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी निघून उरलेल्या तीन रात्रींचे पैसे परत मिळतील का?’